वितळत नाही? मग विरघळवा!

हॉस्टेलच्या बाथरूममधली फुटकी बादली वितळवून नवी बादली करता येते. इपॉक्सीचं तसं नाही. हार्डनर मिसळला की रेणूंच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या जातात. मग तापवलं तर वितळत नाही, सरळ जळतं. (पोळीची परत कणीक होते का?) आणि बोईंग ७८७ च्या वजनात जवळपास निम्मं कॉम्पोझिट आहे! ही विमानं भंगारात निघाली की काय करायचं?

आतले कार्बनचे धागे फेकवत नाहीत. पॅन नावाच्या पॉलिमरचे तंतू आधी हवेत २००-३०० अंशांवर, मग ऑक्सिजनशिवाय १००० अंशांच्या वर भाजून ते बनतात. वीज भरपूर लागते. पायरोलिसिसने धागे सुटतात खरे, पण रेझिन वाया जातं आणि धाग्यांवर काजळी उरते.

केमिकल पद्धतीत नेमका बंधच तोडतात. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठातल्या मंडळींनी रुथेनियमचा कॅटॅलिस्ट वापरून १६० अंशांवर इपॉक्सीतला कार्बन-ऑक्सिजन बंध तोडला. धागे शाबूत, शिवाय बिस्फेनॉल-ए परत! पण रुथेनियम महाग, आणि पवनचक्कीच्या पात्याच्या तुकड्याला चक्क काही दिवस लागले.

मला दुसरी युक्ती जास्त पटते. हार्डनरच असा घ्यायचा की त्यातला एक बंध सौम्य आम्लात तुटेल. सीमेन्स गमेसाने २०२१ मध्ये अशी पाती आणली, आणि रेझिन आपल्या आदित्य बिर्ला समूहाचं! बंध तुटल्यावर उरतं ते थर्मोप्लॅस्टिक, म्हणजे वितळणारं. फक्त आज उडणाऱ्या विमानांना याचा उपयोग शून्य. त्यांच्यासाठी तो महागडा कॅटॅलिस्टच स्वस्त करावा लागेल.