गुंठेवारी : कागद नियमित झाला, रस्त्याचे काय?

सांगली, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याच्या उपनगरांत 'गुंठेवारीतले घर' म्हटले, की वेगळा खुलासा करावा लागत नाही. शहरालगतच्या शेताचे तुकडे पाडायचे, एक-दोन गुंठ्यांचा तुकडा मुद्रांक कागदावर लिहून द्यायचा आणि घेणाऱ्याने त्यावर घर बांधायचे, अशी ही पद्धत. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. कामगाराला, रिक्षाचालकाला किंवा नव्याने शहरात आलेल्या कुटुंबाला परवडणारे हे माप. मात्र १९४७च्या तुकडेबंदी कायद्यानुसार प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याची विक्री चालत नसे. त्यामुळे सात-बारावर नाव नाही, अभिन्यास मंजूर नाही, म्हणून बांधकाम परवाना नाही आणि बँकेचे कर्जही नाही. घरपट्टीची पावती मात्र वेळेवर मिळते!

या कोंडीवर राज्य सरकारने २००१ साली कायदा केला. 'महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम' या लांबलचक नावातील कंसातले तीन शब्द महत्त्वाचे आहेत. १ जानेवारी २००१ पूर्वीचे भूखंड व घरे प्रशमन शुल्क आणि विकास आकार घेऊन नियमाधीन करावीत, त्या वसाहतींत नागरी सुविधा द्याव्यात आणि यापुढे अशा वसाहती उभ्या राहू देऊ नयेत, असा त्याचा आशय.

यांपैकी पहिला शब्द काही अंशी तरी अमलात आला. प्रमाणपत्र मिळालेल्या कुटुंबाला घर पाडले जाण्याची धास्ती उरली नाही, ही लहान गोष्ट नव्हे. 'श्रेणीवाढ' मात्र मागे पडली आणि त्याचे कारण केवळ प्रशासकीय अनास्था नाही. तुकडे पाडणाऱ्याने रस्त्यासाठी दहा-पंधरा फुटांहून अधिक जागा सोडलेली नसते. शाळेला, मैदानाला तर नसतेच. रस्ता रुंद करायचा, तर नियमित झालेल्याच कोणाचे तरी अंगण कापावे लागते. सांगलीतल्या सखल गुंठेवारी भागांत पावसाळ्यात पाणी साचते, ते प्रमाणपत्राने ओसरत नाही.

तिसरा शब्द 'नियंत्रण'. २०२१च्या दुरुस्तीने मुदतीची तारीख थेट ३१ डिसेंबर २०२० वर नेली. म्हणजे कायदा झाल्यानंतरची वीस वर्षांची बांधकामेही त्यात आली. तुकडेबंदीचा भंग नियमित करण्याचे शुल्क २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत होते. ते पुढे ५ टक्क्यांवर आले आणि २०२५ मध्ये शहरी भागांतील अशा तुकड्यांना ते माफ करण्याचा निर्णय झाला. तारीख सरकते, हे दलालांना ग्राहकांच्या आधी कळते. दंड भरतो तो घरमालक. तुकडे विकणारा आणि डोळेझाक करणारा अधिकारी बहुधा नामानिराळे राहतात.

मेरठच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये असे नियमितीकरण केवळ अपवादात्मक परिस्थितीत, निवासी घरांपुरते आणि एकदाच करावे असे म्हटले. त्यापूर्वी जमिनीचे स्वरूप, पर्यावरण आणि जलस्रोतांचे सान्निध्य यांची सविस्तर पाहणी व्हावी, अशीही अपेक्षा व्यक्त केली. गुंठेवारीचा अर्ज मात्र प्रत्येक घराचा स्वतंत्र असतो. साऱ्या वसाहतीचे सांडपाणी कोणत्या नाल्याला मिळते आणि अग्निशमनाचा बंब शेवटच्या घरापर्यंत पोहोचतो का, हे एका अर्जावरून दिसत नाही.