रोखपालाच्या खिडकीतून

नाणेसंग्राहक म्हटला की, सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांपासून शिवकालीन होनापर्यंत सर्व काही पदरी बाळगणारा, लिलावात हजारोंची बोली बोलणारा आणि घरच्यांच्या दृष्टीने अंमळ वाया गेलेला असा एक गृहस्थ लोकांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. या चित्रातील शेवटचा तपशील वगळला, तर माझ्या पंथाच्या संग्राहकाला त्यातले काहीही लागू पडत नाही. एक रुपयाचे नाणे एका रुपयालाच आणि दोन रुपयांचे दोनालाच घ्यावयाचे, दर्शनी मूल्यावर एक कवडीही अधिक मोजावयाची नाही, आणि तेही व्यापाऱ्याच्या पेढीवरून नव्हे तर बँकेच्या रोखपालाकडून, हे या पंथाचे एकमेव व्रत होय.

या व्रताची मातब्बरी त्याच्या निर्धोकपणात आहे. जगातील बहुतेक छंदांत घातलेला पैसा परत येईल किंवा न येईल. येथे मात्र पाचशे रुपयांची चिल्लर घरी आणून, सतरंजीवर पसरून, तीतली चार-दोन नाणी ठेवून घेतल्यावर उरलेली सर्व रक्कम भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला वा पुन्हा बँकेलाच पुऱ्या किमतीने देता येते. बट्टा नाही, घट नाही, सराफाची दलाली नाही. व्यापाऱ्याकडे आपण दुसऱ्याच्या नजरेने निवडलेली वस्तू विकत घेतो, आणि त्या नजरेचेच दाम मोजतो. बँकेच्या पिशवीत नजर आपली आपणच चालवावयाची असते.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो, कारण ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. सोळा आणे, चौसष्ट पैसे व एकशे ब्याण्णव पै यांचा जुना रुपया १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा झाला; १९६४ साली पैशामागचे ‘नवा’ हे विशेषण गळाले; चांदी त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धाच्या पाठोपाठ, रुपयातून हद्दपार होऊन निकेल आले होते; पुढे तांबे-निकेलचा मिश्रधातू आणि १९९२ पासून रुपयाला पोलाद. सबब बँकेच्या पिशवीत राणीछाप रुपया निघेल अशी आशा कोणी धरू नये. आपले क्षेत्र गेल्या साठेक वर्षांचे आहे, आणि ते पुरून उरते.

आता पिशवीविषयी. नव्याने छंदाला लागलेला माणूस खिडकीशी जाऊन नुसते ‘नाणी द्या’ म्हणतो आणि फसतो, कारण बँकेत नाणी दोन प्रकारची असतात. टाकसाळीतून रिझर्व्ह बँकेमार्फत आलेली कोरी नाणी ही पहिली. ती लखलखीत असतात, सहसा एकाच वर्षाची व एकाच टाकसाळीची निघतात, आणि ज्याला हाताळणीचा ओरखडाही नसलेला नमुना हवा त्याने तीच मागावी. दुसरी चिल्लर लोकांकडून भरण्यासाठी आलेली, आणि खरे घबाड तिच्यात असते. त्यातही तारतम्य आहे. हॉटेलवाल्याची चिल्लर आठवडाभरात फिरून आलेली, म्हणून ओळखीची. देवस्थानाच्या दानपेटीतली मात्र वेगळी. बाजारात चालेनासे झालेले, डब्याच्या तळाशी राहिलेले, आजीच्या चंचीतून निघालेले नाणे माणूस देवापुढेच टाकतो. आमच्या तालुक्याच्या गावी यात्रेनंतर देवस्थानाचे कारकून पोती घेऊन बँकेत येत, आणि तेथील रोखपाल, जे आता निवृत्त आहेत, मला पाहताच चष्म्यावरून म्हणत, “या गुरुजी, देवानं तुमच्यासाठी काय धाडलंय बघा!”

रोखपालाशी असे सूत जमणे हेच या छंदाचे भांडवल. त्याचे काही अलिखित नियम आहेत. निवृत्तिवेतनाच्या दिवसांत, म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, खिडकीकडे फिरकू नये. दुपारी गर्दी ओसरल्यावर जावे, सुट्या नोटा मोजून न्याव्यात, खिडकीपाशी उभे राहून निवड करू नये, आणि परत करावयाची चिल्लर शंभर-शंभरच्या पिशव्या बांधून, एकजात मूल्याची द्यावी. विस्कळीत चिल्लर परत आणून ओतणाऱ्या संग्राहकाला कोणताही रोखपाल दुसऱ्यांदा उभा करीत नाही, आणि माझ्या मते ते यथायोग्यच आहे.

येथवरचा मजकूर प्रास्ताविक समजावा. मला खरे बोलावयाचे आहे ते सालाखालच्या जागेविषयी.

कोणतेही भारतीय नाणे घेऊन सालाच्या आकड्यांखाली पाहावे. तेथे पत्त्यांतल्या चौकटसारखे बारीक हिऱ्याचे चिन्ह असेल तर ते मुंबईचे. पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबादचे. वाटोळा ठिपका असेल तर नोएडाचे. आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. कोलकात्याची टाकसाळ स्वतःची खूण उमटवीत नाही, तिची अनुपस्थिती हीच तिची सही. ही चार चिन्हे कळली की एकाच सालाचा रुपया एक न राहता तीन-चार होतो, आणि पिशवी चाळण्याला अर्थ येतो. अडचण फक्त झिजलेल्या नाण्यांची. कोपरे घासलेला हिरा ठिपक्यासारखा दिसू लागतो आणि मुंबईचे नाणे नोएडाच्या नावावर जमा होते. अशा वेळी नाणे दिव्याखाली सपाट न धरता तिरपे धरावे, दहापट भिंगातून पाहावे, आणि हळूहळू फिरवावे. हिऱ्याचे कितीही झिजलेले कोपरे एका विशिष्ट तिरपेपणात किंचित सावली टाकतात, ठिपका मात्र कसाही फिरवला तरी ठिपकाच राहतो.

मुंबईची टाकसाळ मी फोर्टात, शहीद भगतसिंग मार्गावरून पुष्कळदा न्याहाळली आहे. तो ग्रीक धाटणीच्या खांबांचा दर्शनी भाग आणि समोर रिझर्व्ह बँकेची इमारत, असा तो चमत्कारिक शेजार आहे: रस्त्याच्या एका अंगाला नाणे पाडावयाचे आणि दुसऱ्या अंगाला त्याच्या वाटपाचे हुकूम काढावयाचे. जवळच फिरोजशाह मेहता मार्गावर रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधनसंस्था. दोन्ही ठिकाणी एकेक दिवस काढून जावे. परंतु काचेआडच्या नाण्याला उलटून पाहता येत नाही, ही माझी संग्रहालयांविषयीची जुनी तक्रार आहे.

या चार खुणांपलीकडची खूण दिसली की मात्र हात थबकतो. ऐंशीच्या दशकात देशात सुट्या नाण्यांची इतकी टंचाई झाली की सरकारने परदेशी टाकसाळींकडून नाणी पाडून घेतली. १९८५ च्या रुपयावर सालाखाली रोमन ‘एच’ हे अक्षर असेल, तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीचा. त्याच सालाच्या दुसऱ्या एका रुपयावर हिरा आहे, पण तो सालाच्या मधोमध नसून पहिल्या आकड्याखाली, म्हणजे एकाखाली सरकलेला आहे. तो मुंबईचा नव्हेच, वेल्समधील लँट्रिसंटच्या शाही टाकसाळीचा होय. पिशवी चाळणारे शंभर जण हा फरक न पाहता पुढे जातात! नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हीच पाळी पुन्हा आली, आणि मग मेक्सिको, दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया, रशियातील मॉस्को, स्लोव्हाकियातील क्रेम्निका अशा नाना ठिकाणांहून आपली नाणी आली. मेक्सिकोचे चिन्ह म्हणजे ‘एम’ अक्षर व त्यावर चिमुकले वर्तुळ; प्रिटोरियाचा ‘एम’ लंबगोलात; क्रेम्निकाची ‘एम-के’ ही अक्षरे वर्तुळात. क्रेम्निका येथे १३२८ सालापासून नाणी पाडली जात आहेत. अशा गावी पाडलेला रुपया आपल्या पेठेतल्या चहावाल्याने सुट्यात परत द्यावा, यापरते कौतुक मला कोणत्याही सुवर्णमुद्रेचे वाटत नाही. ही नाणी फार मोठ्या किमतीची आहेत असे मात्र कोणी समजू नये. त्यांतली बहुतेक विपुल आहेत. संग्राहकाचा आनंद विपुलतेने कमी होत नाही.

स्मारक नाण्यांबद्दल लोकांना अधिक उत्सुकता असते, मला कमी. तरीही १९९९ सालचे छत्रपती शिवाजी महाराजांचे अकरा कोनांचे दोन रुपये, त्याच सालचा संत ज्ञानेश्वरांचा रुपया आणि २००७ चे लोकमान्य टिळकांचे पाच रुपये ही मराठी माणसाने तरी चिल्लरीतून उचलून ठेवावीत.

आता घाईचे कारण. तांबे-निकेलची जुनी नाणी एकदा बँकेत जमा झाली की पुन्हा बाहेर न देता वितळण्यासाठी टाकसाळीकडे धाडावयाचा शिरस्ता आहे. म्हणजे रोखपालाची खिडकी हे पुष्कळ नाण्यांचे भट्टीपूर्वीचे शेवटचे ठाणे ठरते. २०११ च्या जून महिन्यात मी हे प्रत्यक्ष पाहिले. त्या महिन्याच्या ३० तारखेला पंचवीस पैसे व त्याखालील सर्व नाणी चलनातून बाद व्हावयाची होती, आणि लोक डबे, बरण्या, पायमोजे भरभरून बँकेत येत होते. गेंड्याचे चित्र असलेली पोलादी पावली, सहाकोनी अ‍ॅल्युमिनियमचे वीस पैसे, नागमोडी कडेचे दहा पैसे, आणि मधूनच कमळ असलेले १९७० च्या आसपासचे पितळी रंगाचे वीस पैसे, ज्यात सोने मिसळले आहे या समजुतीने आमच्या आळीत ते लक्ष्मीपूजनाला मांडीत. माझ्या मित्र रोखपालांनी चहाच्या सुटीत मला समोर बसवले आणि चार आण्याला चार आणे या चोख हिशेबाने हवी ती नाणी बदलून घेऊ दिली. १ जुलैनंतर ती सोय कोणालाच उरली नाही.

दोन इशारे द्यावयाचे राहिले. पहिला गृहिणींसाठी: दिवाळीच्या साफसफाईत सापडलेली नाणी चिंच, राखुंडी वा पितांबरीने घासू नयेत, घासलेले नाणे संग्राहकाच्या लेखी मेलेले असते. दुसरा सर्वांसाठी: वैष्णोदेवीच्या पाच रुपयांना लाखो रुपये मिळतील अशा जाहिराती निव्वळ ठकबाजी आहेत, आणि रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या नावाने जुन्या नाण्यांच्या खरेदीविक्रीचे शुल्क उकळणाऱ्या भामट्यांपासून जाहीरपणे सावध केले आहे. विकण्यासाठी आगाऊ पैसे मागणारा गिऱ्हाईक नसतो.

सध्या माझी नजर पन्नास पैशांवर आहे. दुकानदार ते घेत नाहीत, भिकारीही परत देतो, परंतु कायद्याने ते आजही चलन आहे, आणि दहा रुपयांपर्यंतच्या देण्यात ते नाकारता येत नाही. संसदभवनाचे चित्र असलेले जुने आणि मुठीची मुद्रा असलेले नंतरचे, असे दोन्ही प्रकार बँकांच्या तिजोऱ्यांत पडून आहेत. वाचकांनी या दिवाळीच्या सुट्या संपताच आपल्या शाखेतील रोखपालाला गाठावे, दहा रुपयांचे पन्नास पैसे मागून घ्यावेत, आणि सालाखालची खूण पाहून ते कागदाच्या पुडीत, कधी व कोठे मिळाले याची तारीखवार नोंद करून, जपून ठेवावेत.