सकाळी आजोबा, दुपारी नॉर्मल!

दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी फडके रोडवर काय माहोल असतो, हे डोंबिवलीकरांना सांगायची गरज नाही. ठाणेकरांनी राम मारुती रोड डोळ्यांसमोर आणावा. कुर्ते, साड्या, गजरे, गणपतीचं दर्शन आणि मग रस्ताभर 'अरे तू इथे कुठे!' आम्ही एसवायला होतो तेव्हाची गोष्ट. ग्रुपमधला एक मित्र दरवर्षी सगळ्यांत आधी पोचायचा. त्या वर्षी तो साडेनऊला आला, तोही कंबरेवर हात ठेवून, एकेक पाऊल मोजत. आम्ही अर्थातच त्याचं 'आजोबा' असं बारसं करून टाकलं. दुपारी बारापर्यंत हेच आजोबा ढोल-ताशावर आमच्याइतकेच नाचत होते. मग कोण विश्वास ठेवणार? 'सकाळी उठायचा कंटाळा, दुसरं काय', असा निकाल लागला. घरी आईचं म्हणणं, 'रात्री दोनपर्यंत मोबाइल, मग पाठ दुखणारच.'

सकाळी वाकता येत नाही आणि दुपारी नाचता येतं, ही थाप नव्हती, तेच मुख्य लक्षण होतं. आम्हाला ते कळलं नाही, हे एक वेळ ठीक. पण पुढची चार वर्षं ते कुणालाच कळलं नाही.

त्या चार वर्षांत काय काय झालं? कंबरेचा पट्टा झाला. 'पंधरा दिवस पूर्ण विश्रांती' झाली, आणि त्या पंधरा दिवसांत दुखणं वाढलं. मेडिकलवाल्याला विचारून गोळ्या झाल्या. जिम बंद, बाइक बंद. कधी डाव्या कुल्ल्यात दुखायचं, कधी उजव्या. त्याचं खापर त्याने लोकलच्या चौथ्या सीटवर फोडलं. कसारा लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकून दादरपर्यंत जाणाऱ्याला ते पटतंही. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग यायची, उठून घरात चार फेऱ्या मारल्या की बरं वाटायचं. हे मात्र त्याने कुणालाच सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

शेवटी निदान कुठे झालं, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे. एक डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. डोळे आले असतील म्हणून दोन दिवस थेंब घातले. डॉक्टरांनी डोळा तपासला आणि विचारलं, 'सकाळी कंबर आखडते का?' हा म्हणाला, 'तुम्हाला कसं कळलं?' डोळ्याच्या आतल्या भागाला येणारी ही सूज, म्हणजे युव्हायटिस, आणि कंबरेचं ते आखडणं, ही एकाच आजाराची दोन टोकं होती. नाव अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. घरी येऊन त्याने ते सांगितलं, तर मावशी म्हणाली, 'अरे मलापण आहे की, मी मानेला पट्टा लावते.'

हा गोंधळ आपल्याकडे सर्रास होतो, म्हणून इथे जरा थांबू. बोलताना आपण ज्याला 'मानेचा स्पॉन्डिलायटिस' म्हणतो, तो बहुतेक वेळा वयानुसार होणारी मणक्यांची झीज असतो, म्हणजे स्पॉन्डिलोसिस. मित्राचा आजार वेगळा आहे. त्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सुरुवात बहुधा पाठीचा कणा आणि कंबरेचं हाड जिथे जोडलं जातं तिथून होते. कंबरेखाली पाठीवर ज्या दोन खळ्या दिसतात, साधारण त्या जागी. सूज वर्षानुवर्षं राहिली तर मणके एकमेकांना हाडाने सांधले जाऊ शकतात आणि पाठ कायमची ताठ होते. आणि सुरुवात होते ती बहुधा विशी-तिशीत. म्हणजे 'या वयात कसला संधिवात!' हे वाक्य जिथे हमखास ऐकू येतं, नेमक्या त्याच वयात. हा पुरुषांचाच आजार आहे असं पूर्वी मानलं जायचं, त्यामुळे मुलींचं निदान तर आणखी लांबतं. 'इमॅजिन ड्रॅगन्स'चा गायक डॅन रेनॉल्ड्स याला हाच आजार आहे आणि तो त्याबद्दल उघडपणे बोलतो. इंग्लंडचा कप्तान मायकेल आथर्टनलाही तो होता. 1995 मध्ये जोहान्सबर्गला पावणेअकरा तास खेळून नाबाद 185 धावा काढणारा हाच तो माणूस.

मग आपली रोजची पाठदुखी कुठली, हे ओळखायचं कसं? एक प्रश्न स्वतःला विचारा: आराम केल्यावर बरं वाटतं की हालचाल केल्यावर? दिवसभर लॅपटॉपवर वाकून बसलात, संध्याकाळी मान-पाठ भरून आली, झोपल्यावर सकाळी मोकळी झाली, तर ते दुखणं स्नायूंचं, वापराचं आहे. याउलट झोपून उठल्यावर अर्धा तास किंवा जास्त वेळ अंग लाकडासारखं आखडतं, चालल्या-फिरल्यावर सुटतं, रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्याने जाग येते आणि असं तीन महिन्यांहून जास्त काळ चाललंय, तर ते सुजेचं दुखणं असू शकतं. त्याला विश्रांती हे औषध नाही. जोडीला डोळा लाल होणं, टाच दुखणं, अंगावर सोरायसिसचे चट्टे, घरात कुणाला असाच त्रास, यातलं काही असेल तर संशय आणखी वाढतो.

आता हे वाचून सगळ्या ग्रुपला अँकिलोजिंग झाल्यासारखं वाटायला लागेल, तर घाबरू नका. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला (हो, फ्लेमिंगोंचं भिगवण) 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमने दारोदार जाऊन गावकऱ्यांच्या अंगदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या 'कॉपकॉर्ड' या उपक्रमाचा तो भाग होता. चार हजारांवर प्रौढांना विचारलं, तर सुमारे 18 टक्के लोकांना सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. पण आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, निघाला तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास. थोडक्यात, दुखणं घरोघरी असतं, पण त्यातलं बरंचसं साधं असतं. जे साधं नसतं, ते या गर्दीत लपून बसतं, म्हणून उशीर होतो.

साध्या दुखण्यांची आपल्याकडे काय कमी! एका खांद्यावर लटकवलेली सॅक, गर्दीत पायाच्या चवड्यांवर उभं राहून गाठलेलं ठाणे, रील्स स्क्रोल करून आखडलेला अंगठा, येऊरच्या पहिल्याच ट्रेकनंतर जिना उतरताना बोंबलणारा गुडघा. यांना एमआरआय लागत नाही. सॅकचे दोन्ही पट्टे लावा, मोबाइल डोळ्यांच्या पातळीवर आणा, दर अर्ध्या-पाऊण तासाने उठा, मांडीचे आणि पोटाचे स्नायू बळकट करा. कंटाळवाणा सल्ला आहे, पण लागू पडतो. टर्फवर पाय मुरगळला तर लगेच तेल लावून चोळू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा, पाय उंच ठेवा, क्रेप बँडेज बांधा. त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढा. आणि कटिंगनंतर सलूनमध्ये 'कटकन' मान मोडून घेण्याचा शौक असेल तर तो सोडा. क्वचित का होईना, त्या झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो.

आमवात मुलींमध्ये जास्त दिसतो. तो बहुधा हाताच्या छोट्या सांध्यांत येतो, दोन्ही हातांना. सकाळी बाटलीचं झाकण उघडत नाही, वेणी घालता येत नाही, बोटांतली अंगठी अचानक घट्ट होते. बोटं सुजून सहा आठवडे झाले असतील तर 'थंडीमुळे असेल' म्हणून बसू नका. सुरुवातीच्या महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात, एकदा झिजलेलं हाड मात्र परत येत नाही. सांधेदुखीसोबत उन्हात गेल्यावर गालांवर-नाकावर चट्टे, तोंडात फोड, केस गळणं, बारीक ताप असेल तर ल्युपसची शंका घ्यावी लागते. सेलेना गोमेझला तो आहे. 2017 मध्ये तिला किडनी बदलून घ्यावी लागली. कारण हा आजार सांध्यांपुरता थांबत नाही.

पावसाळ्यानंतरची सांधेदुखी हे आपल्याकडचं आणखी एक प्रकरण. चिकुनगुनियाची साथ 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला आली होती. मग तो बरीच वर्षं जवळजवळ गायब होता आणि 2006 मध्ये दणक्यात परतला. ताप चार दिवसांत जातो, पण सांधे काही महिने छळू शकतात. ताप असताना डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्या. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

टीबी फक्त फुप्फुसांचा नसतो, मणक्याचाही होतो. पाठदुखी, संध्याकाळचा ताप आणि वजन उतरणं, हे तिन्ही एकत्र आलं तर उशीर नको. आणि काही वेळा तर उद्याचीही वाट पाहायची नाही. पाठदुखीसोबत पाय लुळे पडणं, लघवीवरचा ताबा जाणं किंवा बसायच्या जागी बधिरपणा, तसंच ताप आणि एकच सांधा लाल-गरम होऊन सुजणं. यात थेट हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठा.

तपासण्यांबद्दल एक इशारा. पॅकेजमध्ये 'आर्थ्रायटिस प्रोफाइल' स्वस्त मिळतं म्हणून आपणच करून घ्यायचं आणि रिपोर्ट मोबाइलवर शोधत बसायचं, हे नको. एचएलए-बी27 पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना तो आजार कधीच होत नाही. आरए फॅक्टर निरोगी माणसातही सापडतो आणि आमवात असूनही निगेटिव्ह येऊ शकतो. उलट माझ्या मित्राचा कंबरेचा एक्स-रे दोनदा नॉर्मल आला होता. सुरुवातीची काही वर्षं तो नॉर्मल असू शकतो. तेव्हा 'त्या' खळ्यांजवळच्या सांध्यांचा एमआरआय लागतो. त्याचा आधी एमआरआय झाला होता, पण मणक्यांचा. म्हणजे फोटो काढला, पण शेजाऱ्याचा!

उपचार काय? मित्राच्या प्रिस्क्रिप्शनवर पहिली ओळ व्यायामाची होती. रोज, न चुकता. मग सूज उतरवणाऱ्या गोळ्या, पण ठरावीक डोसमध्ये आणि डॉक्टरांच्या नजरेखाली, कारण त्या पोट आणि किडनीला त्रास देऊ शकतात. त्याने भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं. ती देण्याआधी टीबीची तपासणी करतात, कारण लपलेला टीबी त्यांनी डोकं वर काढू शकतो. ही औषधं महाग असतात, पण अडॅलिम्युमॅबचं भारतीय रूप 2014 मध्ये बाजारात आल्यापासून परिस्थिती थोडी सुधारली. आमवातात बहुधा मेथोट्रेक्सेट देतात. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, तेव्हा घरात कुणाची सुरू असेल तर आजच पाकीट तपासा. गरोदरपणात ती चालत नाही, हेही डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. सिगारेट दोन्ही आजारांत आगीत तेल ओतते.

आणि ती 'जादूची पुडी'. गाडीत स्टिकर दिसतात, कुणाचा तरी काका हमखास बरा झालेला असतो. दोन दिवसांत दुखणं गायब झालं तर खूश होण्याआधी शंका घ्या. अशा पुड्यांमध्ये गुपचूप स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार सापडतात. तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि बरेच महिने घेऊन एकदम बंद केलं तर माणूस कोसळू शकतो.

दाखवायचं कुणाला? हाड मोडलं तर हाडांचे डॉक्टर, सुजेच्या दुखण्याला ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. आपल्या भागात ते खासगीत मिळतात. खर्च झेपत नसेल तर परळच्या केईएममध्ये या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. स्लो लोकल परळला थांबते, फक्त सकाळी लवकर निघावं लागतं, आणि आखडलेल्या माणसाला तेच तर जमत नाही! म्हणून सोबत कुणीतरी जा. जाण्याआधी मोबाइलमध्ये आठवडाभर रोज लिहून ठेवा: किती वाजता जाग आली, आखडणं किती मिनिटं टिकलं, कशाने सुटलं. सूज सकाळी दिसते आणि नंबर लागेपर्यंत उतरते, तेव्हा तिचे फोटोही काढून ठेवा. मित्राने त्या चार वर्षांत एवढं जरी केलं असतं, तर डोळा लाल व्हायची वाट पाहावी लागली नसती.

आता तो रोज वीस मिनिटं व्यायाम करूनच घराबाहेर पडतो. 'आजोबा' हे नाव मात्र ग्रुपमध्ये तसंच आहे. त्यानेच ठेवून घेतलंय.