वीराचा संसार

अमेरिकन चित्रकथांतील महावीर जग सांवरतो. त्याचा संसार सांवरणें मात्र लेखकांस जड जातें. स्पायडरमॅन व मेरी जेन यांचें लग्न १९८७ सालीं लागलें. पण विवाहित नायक प्रौढ भासतो, असें संपादकांस वाटलें. म्हणून २००७ सालीं सुरू झालेल्या कथेंत, मे काकूंचे प्राण वांचविण्याकरितां दांपत्यानें आपला विवाहच मेफिस्टो नामक दैत्यास देऊन टाकला. आपल्या सावित्रीनें यमाशीं वाद करून पति व संसार दोन्ही राखले! उलट, १९३८ सालीं अवतरलेल्या सुपरमॅनचा लोइसशीं विवाह १९९६ सालीं झाला, पुढें पुत्रहि झाला. तरी त्याचें बळ घटलें नाहीं. पत्नी ही पराक्रमाची बेडी नव्हे. वीरानें घरीं परतावें, याचें तें कारण आहे.