बाहेर बर्फ, आत लिंबं : घरगुती ग्रीनहाऊसमध्ये फळझाडं खरंच वाढतात का?

इन्स्टाग्रामवर असे रील्स सारखे दिसतात. बाहेर बर्फ पडतोय, परसात काचेची छोटीशी खोली आहे आणि आत कुंडीतलं लिंबाचं झाड पिवळ्याधमक फळांनी लगडलंय. ते बघून परदेशातल्या मराठी माणसाला प्रश्न पडतो, यात आंबा येईल का? आणि पुण्यात गच्चीवर बाग करणाऱ्याला वाटतं, आपणही एक मागवूया का?

उत्तर शोधण्याआधी ही खोली नेमकं काय करते ते समजून घेऊ.

सुरुवात कुठून झाली?

संत्री-लिंबांना कडाक्याची थंडी सोसत नाही. म्हणून युरोपातल्या श्रीमंतांनी या झाडांसाठी खास इमारती बांधल्या. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात चौदाव्या लुईच्या काळात, १६८४ ते १६८६ दरम्यान अशी भव्य वास्तू उभी राहिली. तिथे मोठ्या लाकडी पेट्यांमधली झाडं हिवाळ्यात आत ठेवतात आणि मे महिन्यात बाहेर काढतात. ही पद्धत आजही सुरू आहे.

ब्रिटनमधल्या घरांच्या परसात दिसणारं ६ बाय ८ फुटांचं ग्रीनहाऊस म्हणजे याचीच छोटी आवृत्ती. झाड कुंडीत लावायचं, थंडीत आत न्यायचं, उन्हाळ्यात बाहेर काढायचं.

आत गरम का होतं?

ऊन काचेतून आत येतं, जमीन आणि कुंड्या तापतात, त्यांच्यामुळे हवा तापते. ही गरम हवा वर जाऊन निघून गेली असती, पण छप्पर तिला अडवतं. उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत होतं तेच इथे होतं.

आता गंमत बघा. खोली जितकी लहान, तितकी ती पटकन तापते आणि रात्री तितकीच पटकन गार होते. त्यामुळे थंड देशातही उन्हाळ्यात बंद ग्रीनहाऊसचा पारा ४० अंशांच्या वर जाऊ शकतो. म्हणूनच छताच्या खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या साधारण २० टक्के असावं असं सांगतात. ४८ चौरस फुटांच्या खोलीला जवळपास १० चौरस फूट. या खिडक्यांना मेणाची नळी असलेलं एक साधन बसवता येतं. उष्णतेने मेण फुगतं, दांडा ढकललं जातो आणि खिडकी आपोआप उघडते. वीज लागत नाही.

छत आलं की कामंही येतात

बाहेरच्या झाडाची बरीच कामं निसर्ग फुकटात करतो. आत ती माणसाला करावी लागतात.

पाणी : आत पाऊस पडत नाही. उन्हाळ्यात कुंडीला बहुतेक रोज पाणी द्यावं लागतं. आठवडाभर गावाला जायचं तर कुणाला तरी सांगून जावं लागतं.

परागीभवन : पीच हे झाड थंडी पुरती सरायच्या आधीच फुलतं. तेव्हा काचेआड मधमाश्या येत नाहीत. मग भरदुपारी मऊ ब्रश घेऊन एकेका फुलावरून फिरवायचा.

कीड : कोरड्या, गरम हवेत लाल कोळी झपाट्याने वाढतो. पिठ्या ढेकूण आणि खवले कीडही लागते. पानं उलटून बघायची सवय हवीच.

थंडी : हा मुद्दा अनेकांना उलटा वाटतो. सफरचंद आणि पीच यांना हिवाळ्यात बरेच आठवडे थंडी लागते. ती मिळाली नाही तर फुलं नीट येत नाहीत. त्यामुळे या झाडांना हिवाळ्यात हीटर लावून ऊब देणं म्हणजे नुकसानच.

मग सोपं झाड कोणतं?

अंजीर. घरी लावल्या जाणाऱ्या अंजिराच्या जातींना परागीभवन लागत नाही. शिवाय मुळं कुंडीत आवळली गेली की पानांचा पसारा कमी होतो आणि फळ जास्त धरतं. लिंबूही चालतं, फक्त कलम केलेलं रोप घ्यावं. बी लावून वाढवलेलं झाड फळायला अनेक वर्षं घेतं.

आणि आंबा?

जपानमधल्या मियाझाकीचा महागडा लाल आंबा ग्रीनहाऊसमध्येच पिकतो. पण ती व्यावसायिक शेती आहे. तिथे मोठी हरितगृहं असतात, ती थंडीत तापवली जातात आणि एकेका फळाला जाळी लावतात. परसातल्या ६ बाय ८ फुटांत कोय रुजेल, रोपही दिसेल. पण ते जगवायला हिवाळाभर हीटर लागेल आणि वीजबिल भरूनही फळाची खात्री नाही. कोयीतून आलेलं झाड मूळ आंब्यासारखंच फळ देईल असंही नसतं.

पुण्यातल्या गच्चीवर काय?

इथला प्रश्न थंडीचा नाहीच, उन्हाचा आहे. ऑनलाइन मिळणारा प्लॅस्टिकचा छोटा तंबू एप्रिलमध्ये गच्चीवर लावून बंद ठेवला तर आतलं रोप होरपळेल. लिंबू, चिकू, पेरू, अंजीर या झाडांना आपल्याकडे काचेची गरज पडत नाही. कोवळ्या रोपांना उन्हाळ्यात वरून शेडनेट आणि चारी बाजूंनी मोकळी हवा पुरते. गच्चीवर वजनाचा विचार मात्र करावा लागतो. ५० लिटरची कुंडी ओल्या मातीने भरली की सहज ७५ किलोंच्या पुढे जाते.

तरीही ग्रीनहाऊस घ्यायचंच असेल, तर आधी दिवसाचं कमाल आणि किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर घ्या. जिथे ते उभारायचंय तिथे आठवडाभर ठेवा आणि आकडे लिहून काढा. रात्री पारा खरंच झाडाला सोसणार नाही इतका खाली जात असेल, तरच त्यावर पैसे खर्च करण्यात अर्थ आहे.