गोळी तीच, माणूस तोच, तरी फरक!

परवा एक जुने रुग्ण दवाखान्यात आले. रक्तदाबासाठी ते व्हेरापामिल घेतात. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची स्वस्त गोळी दिली म्हणून त्यांनी आठ दिवस गोळीच घेतली नव्हती! "डॉक्टर, ही आमच्या गोळीच्या तोडीची कशावरून?" प्रश्न रास्त होता, पण दाब १७०/१०० झाला होता.

तोड ठरवण्याची रीत अशी. निरोगी स्वयंसेवकांना एकदा मूळ गोळी व काही दिवसांनी नवी गोळी देतात. दर वेळी ठरावीक अंतराने रक्त काढून त्यातले औषध मोजतात. नव्या गोळीचे मूळ गोळीशी सरासरी प्रमाण, अंदाजातली चूक धरूनही, ८० ते १२५ टक्क्यांत बसावे लागते.

व्हेरापामिलसारख्या औषधांत इथेच गोम आहे. आतड्यातून शोषलेल्या या औषधाचा मोठा भाग यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकते, आणि त्यातून सुटून रक्तात किती पोहोचेल हे रोज सारखे नसते. एकाच माणसाला तीच गोळी दोनदा दिली तरी आकडे वेगळे येतात. हा फरक ३० टक्के वा अधिक असला की औषध 'फार चंचल' समजतात. मग प्रत्येक गोळी एकेकदाच दिली, तर फरक गोळीचा की माणसाचा, हे कसे कळणार? एकच पोते दोनदा तोलल्याशिवाय काटा किती हलतो ते कळत नाही, तसेच हे. म्हणून मूळ गोळीच त्याच माणसाला दोनदा देतात. दोन्ही वेळच्या आकड्यांतली तफावत त्या माणसाची स्वतःची. ती ६० टक्के असेल, तर साध्या पद्धतीने शंभराहून अधिक निरोगी माणसांचे रक्त काढावे लागेल!

युरोपच्या २०१० च्या नियमानुसार अशी तफावत सिद्ध झाल्यास रक्तातल्या सर्वोच्च पातळीपुरती मर्यादा जास्तीत जास्त सुमारे ७० ते १४३ टक्क्यांपर्यंत सैल होते. सरासरी मात्र ८० ते १२५ मध्येच हवी. काहींना ही पळवाट वाटते; मला तसे वाटत नाही. मूळ गोळी घेणारा माणूस एवढे हेलकावे आधीपासूनच सोसत असतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनची गोष्ट निराळी. तिथे थोडा फरकही घातक, म्हणून अमेरिकेत मर्यादा उलट आवळतात.

गृहस्थांची गोळी त्याच दिवशी सुरू केली. रोज ठरल्या वेळी दाब मोजून वहीत लिहायला सांगितले आहे. सोमवारी वही घेऊन यायचे आहेत.