ई-मेलमधील हलती चित्रे थांबविता येतात

दिवाळी, संक्रांत किंवा प्रजासत्ताक दिन जवळ आला की कार्यालयीन ई-मेलच्या पेटीत शुभेच्छापत्रांची रीघ लागते. कोठे पणतीची ज्योत थरथरत असते, कोठे तिरंगा फडकत असतो, कोठे नुसती अक्षरेच लुकलुकत असतात. पाठविणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु त्याच पत्रात खाली बैठकीची तारीख दिलेली असेल, किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जांसंबंधीची सूचना शिक्षकाला त्यातून वाचून काढावयाची असेल, तर डोळा पुनःपुन्हा त्या हलत्या चित्राकडे ओढला जातो आणि वाचीत असलेली ओळ निसटते. पत्र मिटविल्याखेरीज चित्र थांबत नाही, अशी बहुतेकांची समजूत आहे. ती बरोबर नाही. संगणकावर बसविलेल्या ई-मेल प्रोग्राममध्ये ही हालचाल बंद करण्याची सोय असते. मात्र ती चटकन नजरेस पडेल अशा जागी ठेवलेली नसते.

हा प्रश्न केवळ त्राग्याचा नाही. अपस्माराच्या काही रुग्णांना वेगाने उघडझाप होणाऱ्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये दूरचित्रवाणीवरील मुलांच्या एका व्यंगचित्रमालिकेत लाल आणि निळा प्रकाश काही क्षण झपाट्याने आलटूनपालटून दाखविण्यात आला, तेव्हा सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, त्यांतही मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत बिघाड असलेल्यांना पडद्यावरील हालचालीने घेरी येते. ज्यांचे लक्ष सहज विचलित होते, त्यांना तर शेजारी काही हलत असताना परिच्छेद पुरा करणेही कठीण जाते. म्हणूनच वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन मर्यादा घालून दिल्या. मजकुराच्या सोबतीने आपोआप सुरू होणारी आणि पाच सेकंदांहून अधिक काळ चालणारी हालचाल वाचकाला थांबविता आली पाहिजे. आणि कोणतीही गोष्ट एका सेकंदात तीनहून अधिक वेळा लखलखता कामा नये. भारत सरकारने २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही सुगम्यतेचा आग्रह आहे. ही तत्त्वे संकेतस्थळांपुरती असली, तरी पत्र वाचणारा डोळा तोच असतो.

हे चित्र हलते कसे?

ई-मेलमध्ये येणारी बहुतेक हलती चित्रे ‘जिफ’ या प्रकारची असतात. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीने हा प्रकार १९८७ मध्ये प्रचारात आणला. १९८९ मधील त्याच्या सुधारित रूपात एकाच धारिकेत अनेक चित्रे ठेवून प्रत्येक चित्र किती वेळ दाखवावे, हे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या मापाने नोंदविता येऊ लागले. जत्रेतील बायोस्कोपप्रमाणे ही चित्रे एकामागून एक सरकतात आणि हालचालीचा भास होतो. पुढे १९९० च्या दशकाच्या मध्यास नेटस्केपने हा क्रम अखंड फिरत ठेवण्याची युक्ती त्यात घातली. तेव्हापासून पणती विझेनाशी झाली. मौजेची बाब अशी की, १९८९ च्या त्या तांत्रिक निवेदनातच हा प्रकार चलचित्रांसाठी योजिलेला नसल्याचे म्हटले होते.

थंडरबर्डमधील उपाय

विनामूल्य मिळणारा मोझिला थंडरबर्ड हा प्रोग्राम उदाहरणादाखल घेता येईल. त्यात उजव्या कोपऱ्यातील तीन आडव्या रेघांच्या खुणेवरून ‘सेटिंग्ज’ उघडावे आणि ‘जनरल’ या भागाच्या अगदी तळाशी जावे. तेथे ‘कॉन्फिग एडिटर’ अशी कळ आहे. ती दाबताच एक इशारा दिसतो. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र येथील इतर नोंदींना हात लावू नये, हे पथ्य पाळलेच पाहिजे. इशारा मान्य केल्यावर वरच्या चौकटीत एक नाव टंकलिखित करावयाचे असते: इमेज, पूर्णविराम, ॲनिमेशन, अधोरेषा, मोड. ही सर्व अक्षरे रोमन लिपीत, लहान आकारात आणि मध्ये जागा न सोडता लिहावीत. ओळ समोर येते आणि तिच्यापुढे ‘नॉर्मल’ हा शब्द दिसतो. नॉर्मल म्हणजे चित्र जसे बनविले तसे, बहुधा अखंड, फिरत राहील. त्या ओळीवर दोनदा टिचकी मारून ‘नॉर्मल’च्या जागी ‘नन’ किंवा ‘वन्स’ हा इंग्रजी शब्द लहान अक्षरांत लिहावा आणि बरोबरच्या खुणेवर टिचकी द्यावी. पत्र पुन्हा उघडून पाहावे. फरक न दिसल्यास प्रोग्राम एकदा बंद करून सुरू करावा.

या दोन शब्दांतील निवड विचारपूर्वक करावी. ‘नन’ लिहिल्यास चित्र पहिल्याच चौकटीवर थांबते. हालचाल मुळी सुरूच होत नाही. ‘वन्स’ लिहिल्यास ते एक फेरी पुरी करते आणि शेवटच्या चौकटीवर स्थिरावते. पुष्कळ शुभेच्छाचित्रांत पहिली चौकट कोरी असते आणि अक्षरे एकेक करून उमटतात. अशा चित्राला ‘नन’ लावले, तर वाचकापुढे रिकामा चौकोनच राहतो आणि त्यातील तारीख किंवा स्थळ हाती लागत नाही. म्हणून सामान्य कार्यालयीन वापरासाठी ‘वन्स’ अधिक सोयीचे आहे. परंतु ज्या संगणकावर अपस्माराचा किंवा घेरीचा त्रास असलेली व्यक्ती काम करते, तेथे ‘नन’च हवे. मजकूर राहून गेला असे वाटल्यास पाठविणाऱ्याला दूरध्वनीवरून विचारता येते. झटका आल्यावर विचारण्यास सवड नसते.

हा बदल त्या संगणकावरील त्या एका वापरकर्त्याच्या मांडणीपुरताच होतो. शाळेत एकाच संगणकावर मुख्याध्यापक आणि लिपिक यांची वेगवेगळी खाती असतील, तर दोन्हीकडे तो स्वतंत्रपणे करावा लागतो. संगणक नव्याने बसविल्यावरही तो पुन्हा करावा लागण्याचा संभव असतो. तेव्हा ही कृती कागदावर लिहून ठेवलेली बरी.

ज्यांना कॉन्फिग एडिटरमध्ये शिरण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी सोपा मार्ग आहे. ‘व्ह्यू’ या यादीतील ‘मेसेज बॉडी ॲज’ येथे ‘प्लेन टेक्स्ट’ निवडले की पत्र केवळ अक्षरांत दिसते. तक्ते आणि रंग त्यात जातात, हा तोटा आहे. शिवाय पत्राला जोडलेले चित्र तळाशी उमटून हलतच राहू शकते. तसे झाल्यास त्याच यादीतील ‘डिस्प्ले अटॅचमेंट्स इनलाइन’ ही खूण काढावी. बाहेरच्या सर्व्हरवरून येणारी चित्रे तर थंडरबर्ड मुळातच परवानगीखेरीज दाखवीत नाही. ही परवानगी सरसकट देऊन टाकण्याची सवय मात्र वाईट. चित्र उतरवून घेताच पत्र उघडले गेल्याची बातमी पाठविणाऱ्याला मिळू शकते, आणि जाहिरातदार नेमके हेच साधतात.

चौकटींची सरकासरक

पत्रातील चित्रे वेगळी आणि प्रोग्रामच्या स्वतःच्या चौकटींचे सरकणे, उमलणे वेगळे. यांची गल्लत नेहमी होते. दुसऱ्या प्रकारची हालचाल विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘ॲक्सेसिबिलिटी’, ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’ या क्रमाने जाऊन ‘ॲनिमेशन इफेक्ट्स’ बंद केल्याने कमी होते. परंतु तेवढ्याने जिफ चित्र थांबत नाही. नवे पत्र आल्याची कोपऱ्यातील सूचना नको असल्यास थंडरबर्डच्या ‘जनरल’ भागातच ‘शो ॲन अलर्ट’ ही खूण काढावी.

मायक्रोसॉफ्ट आउटलुकची कथा निराळी. २००७ च्या आवृत्तीत त्या कंपनीने पत्रे दाखविण्याचे काम आपल्या वर्ड या प्रोग्रामच्या यंत्रणेकडे सोपविले. परिणामी २००७, २०१० आणि २०१३ च्या आवृत्त्यांत जिफची केवळ पहिली चौकट दिसते. बंद करण्यासारखे काही उरतच नाही. अशा आवृत्त्या अजूनही काही जुन्या संगणकांवर आढळतात. नंतरच्या आवृत्त्यांत चित्रे पुन्हा हलू लागली.

त्यामुळे पत्र पाठविणाऱ्या कार्यालयालाही थोडी दक्षता घ्यावी लागेल. ग्रामसभेचे निमंत्रण हलत्या चित्रातून धाडावयाचेच असेल, तर दिनांक, वेळ आणि स्थळ पहिल्याच चौकटीत पूर्णपणे यावे आणि तोच मजकूर खाली साध्या अक्षरांतही द्यावा. ‘तातडीचे’ हा शब्द लुकलुकता करण्याची हौस काही कार्यालयांना आहे. पत्राच्या विषयाच्या ओळीत अंतिम दिनांक लिहिला, तर तो पत्र न उघडताही दिसतो.